स्लॅबमधल्या रुपयावर हिरवं आलंय, कॉन्झर्वेशनला पाठवू का?

भोकाचा_पैसा, नागपूर

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, आधीच सांगून ठेवतो.

माझ्याकडे ग्रेड केलेली, म्हणजे कंपनीनं तपासून दर्जाचा आकडा देऊन ‘स्लॅब’ या कडक पारदर्शक डबीत बंद केलेली नाणी फक्त दोन. बाकी सगळा संसार दोन फायलींत आणि एका बिस्किटाच्या डब्यात. पहिला आहे १९३८ चा सहाव्या जॉर्जचा रुपया, मुंबई टाकसाळ, ग्रेड एमएस ६२ (एमएस म्हणजे चलनात न फिरलेलं, आकडा सत्तरपैकी). साडेचार हजारांना घेतला होता, ग्रेडिंगचा खर्च वेगळा. दुसरा १९४३ चा भोकाचा पैसा, एमएस ६४ आरडी. आरडी म्हणजे टाकसाळीतून निघतानाचा लालपणा शाबूत. पैसा काही महागाचा नाही, पण लहानपणी आजोबांच्या करगोट्यात असाच एक ओवलेला होता, म्हणून जीव.

परवा साळ्याचा पोरगा आला. त्याला दाखवायला म्हणून कपाट उघडलं, तर रुपयावर राजाच्या मानेखाली हिरवट, ओलसर दिसणारा डाग. तिळाएवढा एक आणि त्याच्या बाजूला धुरकट पट्टा. गेल्या दिवाळीत नव्हता, पैजेवर सांगतो. पैशाचा लाल रंग एका बाजूने विटकरी-तपकिरी झालाय, आणि भोकाजवळ एक पिवळा ठिपका.

मुंबईच्या एका एजंटाला फोन केला. तो म्हणाला, दोन्ही बाहेरदेशी कॉन्झर्वेशनला पाठवू, स्लॅब तेच फोडतील, साफ करतील, पुन्हा ग्रेड करून नव्या स्लॅबमध्ये घालतील. जाऊन-येऊन विमा, फी, एजन्सी सगळं धरून अकरा हजार. वर म्हणे, ‘सर, ग्रेड वाढूनच येते.’ आजीचा एक १९११ चा रुपया आहे, स्लॅबमध्ये नाही, तोही सोबत द्या म्हणाला. तो पाचव्या जॉर्जचा, झग्यावरच्या हत्तीला लोकांनी डुक्कर समजून बोंब मारली होती तो. बहुतेक माल परत घेऊन वितळवला, म्हणून आता त्याला भाव.

साडेचार हजारांच्या नाण्याला अकरा हजारांचा दवाखाना. बायकोला आकडा सांगितलेला नाही. फोटो जोडलेत. काय करू?

नाणेवेडी, पुणे

दादा, पहिली गोष्ट, स्वतः काहीही लावू नका. दुसरी, स्लॅब फोडू नका.

मी तीन वर्षांपूर्वी पाच नाणी पाठवली होती. कॉन्झर्वेशन म्हणजे पॉलिश नव्हे, नाण्याच्या पृष्ठभागावर बसलेलं परकं काही असेल तेवढंच काढतात. चिकट थर, धूळ, पीव्हीसी (मऊ प्लास्टिकमधून उतरलेला थर), जुन्या टेपचा गोंद वगैरे. ओरखडा, झीज, ठोका यांना ते हात लावत नाहीत, कारण ती दुरुस्ती झाली. फायदा नाही असं वाटलं तर नाणं तसंच परत करतात. माझ्या पाचांपैकी तीन बघायला छान होऊन आली पण ग्रेड तीच, एक एका अंकाने वाढलं, आणि एक चक्क घसरलं. त्याच्यावर जो धुरकट थर होता त्याखाली बारीक रेघा लपलेल्या होत्या. थर गेला, रेघा उघड्या पडल्या. तेव्हा ‘वाढूनच येते’ हे एजंटाचं बोलणं कानाआड करा.

पण पीव्हीसी असेल तर थांबू नका, ते पसरतं. माझं मत पाठवण्याच्या बाजूने आहे, निदान रुपया तरी.

इतवारीकर, नागपूर

भाऊ, आधी सांगा, कपाट कूलरच्या बाजूला आहे का? फोटोत मागे खिडकी दिसून राहिली, आणि खिडकीत खसची ताटी. मार्च ते जून तुम्ही त्या खोलीत पाणी शिंपून राहिले आणि विचारता हिरवं कुठून आलं! बाप्पा, आपला उन्हाळा किती कोरडा, ओठ फुटतात माणसाचे. नाण्यांना याच्यापेक्षा चांगली हवा कुठची? अन् आपण कूलर लावून तिला कोकण करून टाकतो.

मी कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं सहायक होतो, आता घरी बसून आहे. नाण्यांचा नाद त्याच्याही आधीपासूनचा. म्हणून थोडं जास्त लिहितो.

कायद्यापासून सुरू करतो, कारण तिथेच एक नाणं गळते. १९११ चा रुपया देशाबाहेर पाठवायचा नाही. १९७२ च्या पुरावशेषांच्या कायद्यात शंभर वर्षं झालेलं नाणं पुरावशेष ठरते, आणि ते बाहेर नेणं केंद्र सरकार किंवा त्यानं अधिकार दिलेली संस्था सोडून कोणालाही मना आहे. साफ करायला पाठवतो, परत येणार आहे, असली सबब चालत नाही. तुमच्या एजंटाले हे ठाऊक नसेल तर तो एजंट कसला, आणि ठाऊक असून सांगितलं नसेल तर त्याहून वाईट. तुमचा १९३८ चा रुपया २०३८ ला शंभरीत जाईल, तोवर त्याचा प्रश्न नाही.

आणि आजीचा रुपया दर लक्ष्मीपूजनाला राखेनं अन् चिंचेनं घासलेला असणार. आपल्याकडे कोणाच्या घरचा नसतो? माझ्या आईनं भोसल्यांचा एक नागपुरी रुपया, अहमदशहाच्या नावाचा, असा लखलखीत केला होता की सराफ्यातल्या सोनारानं नवा पाडला का म्हणून विचारलं. घासलेल्या नाण्याला ग्रेडिंगवाले आकडा देत नाहीत, नुसतं ‘डिटेल्स, क्लीन्ड’ लिहून पाठवतात. ते घासणं जगातला कोणताच कॉन्झर्वेटर परत फिरवू शकत नाही. धातू गेला तो गेला. तो रुपया पुजेत ठेवा, फक्त आता घासू नका.

आता खरा रोगी. स्लॅबमध्ये जायच्या आधी हा रुपया कशात होता? मऊ प्लास्टिकचे खिसे असलेली फाइल, उघडली की नव्या रेनकोटासारखा वास येतो ती? असेल तर उत्तर तिथेच आहे. ते प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्याच्यात तेलासारखं द्रव्य घातलेलं असते. वर्षानुवर्षं ते झिरपून नाण्यावर बसते. प्लास्टिकमधल्या क्लोरीनपासून आम्ल तयार होते, त्याला दमट हवेची साथ मिळाली की ते धातू खायला लागते. चांदीच्या नाण्यावर हिरवं कसं, असं लोक विचारतात. तुमचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात अकरा भाग चांदी आणि एक भाग तांबं. म्हणजे जवळपास एक ग्रॅम तांबं आहे त्याच्यात, हिरवं त्याचंच. ग्रेडिंगच्या वेळी थर पातळ होता, कोणाच्या नजरेत आला नसेल. तो थर नाण्यासोबत आत बंद झाला, अन् आत बसून काम करत राहिला. स्लॅब काही हवाबंद डबा नसतो.

हे कॉन्झर्वेशनचं खरं गिऱ्हाईक. ग्रेड वाढवायला नाही, खाणं थांबवायला. पैशाचं तसं नाही. तांबं हवेत तपकिरी होते, हा रोग नव्हे, वय आहे. आरडीचा आरबी (लाल-तपकिरी) होईल, पुढे बीएन (तपकिरी) होईल. गेलेला लाल रंग कोणी आणून देत नाही, अन् दिला तर तो रंगवलेला समजा. हां, भोकाच्या कडेला फिकट हिरवी भुकटी दिसली, सुईच्या टोकानं निघाली आणि पावसाळ्यात पुन्हा आली, तर धावत या. ते क्लोराइडचं दुखणं, ते पसरते. तुमच्या फोटोत तसं काही दिसत नाही. तो पिवळा ठिपका मात्र मला शंकास्पद वाटून राहिला. स्लॅब दिव्याखाली तिरका करून बघा. ठिपका नाण्यासोबत हलतो का नाण्यावरून सरकतो?

आता अकरा हजारांचं गणित. बासष्टचा त्रेसष्ट झाला, जो बहुतेक होणार नाही, तरी फरक दोन-तीन हजारांचा. कॉन्झर्वेशनची फी नाणं पाचशेचं असो का पाच लाखाचं, विमा-कुरिअर धरून एका आकड्याच्या खाली येत नाही. म्हणून महागाच्या नाण्याला ते परवडते, आपल्याले नाही. मग तिसरा रस्ता राहतो, स्लॅब फोडून शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवायचा. ॲसिटोन ते तेल विरघळवते, चांदीला काही करत नाही, काळपट-सोनेरी जुनी झाक असेल तर तिलाही धक्का लावत नाही. पण ग्रेड गेली. तेव्हा मले एकच सांगा, हा रुपया विकायचा आहे का ठेवायचा आहे?

नाणेवेडी, पुणे

काका, कायद्याचं मी लिहायलाच हवं होतं, चुकलं. पण ॲसिटोनचं असं उघड्यावर सांगू नका हो. उद्या कोणीतरी नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये नाणं बुडवेल, त्यात सुगंध, रंग, पाणी, तेल सगळं असतं. आणि एखादा चांदी उजळायच्या द्रावणात बुडवेल, दोन्ही एकच समजून.

इतवारीकर, नागपूर

खरं आहे ताई. चांदी उजळायचं द्रावण म्हणजे थायोयुरिया आणि आम्ल. ते काळेपणा काढते, त्यासोबत धातूचा अगदी पातळ वरचा पदरही नेते. एकदा बुडवलं तर लखलखाट, चार वेळा बुडवलं तर नाणं मेलेलं दिसते, पांढरं पण चमक नाही. नवं नाणं तिरकं फिरवलं की चाकाच्या आऱ्यांसारखी चमक फिरते ना, ती त्या पदरात असते. रिठ्याच्या पाण्यात ब्रश मारणारे सोनार तर त्याहून वरचे. माझं बोलणं फक्त ॲसिटोनचं, तेही शुद्ध, केमिकलच्या दुकानातलं, काचेच्या भांड्यात. अन् देवघर, गॅस, उदबत्ती सगळ्यापासून लांब, कारण ते भपकन पेट घेते.

न्यूजर्सीकर

मूळ धरमपेठचा, सध्या अमेरिकेत. एक उदाहरण जोडतो, हिशेबाची दुसरी बाजू दिसेल.

माझ्याकडे १९१८ चा सॉव्हरिन, म्हणजे ब्रिटिशांचं सोन्याचं नाणं आहे, मुंबईत पाडलेला, घोड्याच्या पायाखालच्या जमिनीवर बारीक ‘आय’ अक्षर असलेला. मुंबईत ब्रिटिश टाकसाळीची शाखा त्या एकाच वर्षी सॉव्हरिन पाडत होती, म्हणून सांभाळून ठेवलाय. इथेच लिलावात घेतला, त्यामुळे इतवारीकर काकांचा कायदा मला आडवा आला नाही. स्लॅबमध्ये असूनही त्याच्यावर दुधी थर होता. कॉन्झर्वेशनला दिला, थर गेला, ग्रेड तीच राहिली. मी पैसे वाया गेले असं मानत नाही, कारण विकताना समोरच्याला आधी तो थर दिसला असता आणि ग्रेडचा आकडा नंतर. पण ते सोनं होतं, घरापासून टपाल एका दिवसाचं, जकात नाही. नागपूरहून १९३८ च्या रुपयासाठी मी हे केलं नसतं.

भोकाचा_पैसा, नागपूर

सगळ्यांचे आभार. काका, तुम्ही अंतर्यामी आहात. कपाट कूलरपासून दीड हात. फाइल बर्डीवरच्या (सीताबर्डी बाजारातल्या) एका स्टेशनरीच्या दुकानातली, सहा वर्षं रुपया तिच्यात होता, आणि हो, रेनकोटाचाच वास.

पिवळा ठिपका सरकला! स्लॅबच्या बाहेरून होता. विचारपूस केली तेव्हा उलगडलं, लक्ष्मीपूजनाला आमच्या हिनं ताटात ही दोन्ही नाणीसुद्धा ठेवली होती, स्लॅबसकट, ‘पैसा तो पैसा, काचेत असला म्हणून काय झालं’ म्हणत. हळद आहे ती. ओल्या फडक्यानं गेली.

एजंटाला १९११ चं विचारलं तर म्हणाला, ‘सर, पॅकेटमध्ये कोण बघतं?’ फोन ठेवला.

काका, विकायचा की ठेवायचा म्हणालात. प्रामाणिकपणे सांगू? पाठवायचा विचार करत होतो तेव्हा विकायचा होता. ग्रेड वाढेल, मग विकू, मग त्या पैशांत दुसरं घेऊ. तुम्ही विचारलंत तेव्हा कळलं की मला तो विकायचाच नाहीये. माझ्या पहिल्या पगारवाढीचा रुपया आहे तो. तुमच्याकडे कधी येऊ?

इतवारीकर, नागपूर

रविवारी सकाळी सातच्या आत या. नंतर गच्चीवर ऊन चढते अन् ॲसिटोन भांड्यातून उडून जाते. टॉवेल आणि पक्कड आणा, माझी पक्कड मुलानं नेली. स्लॅबमधलं लेबल फेकू नका म्हणजे झालं.

भोकाचा_पैसा, नागपूर

बारा दिवसांनी लिहितोय, काही जणांनी निरोप पाठवून विचारलं म्हणून.

रविवारी गेलो. काकांच्या गच्चीवर तुळशीपासून लांबच्या कोपऱ्यात स्टूल मांडलेलं, त्याच्यावर प्रयोगशाळेतल्या तीन काचेच्या पेट्री डिश, ॲसिटोनची बाटली, लाकडी चिमटा, जुन्या धुतलेल्या सुती बनियनचे तुकडे. काकूंनी आधी चहा दिला, चहा संपेपर्यंत काकांनी मला स्लॅबला हात लावू दिला नाही. ‘घाईत फोडला की नाणं उडते, अन् मग गच्चीच्या नाल्यात शोधा.’

स्लॅब टॉवेलात गुंडाळून कोपऱ्यावर पक्कड दाबली. दोनदा काहीच नाही. तिसऱ्यांदा असा कडकन आवाज आला की मी डोळे मिटले. टॉवेल उघडला तर प्लास्टिकचे दोन तुकडे, आणि रुपया आपल्या पांढऱ्या कड्यात तसाच बसलेला, काही घडलंच नाही असा. त्या क्षणी एमएस ६२ संपलं. छातीत थोडं झालं, खोटं कशाला बोलू.

काकांनी कडा धरून तो पहिल्या डिशमध्ये सोडला. दहा मिनिटं काही दिसत नव्हतं. मग चिमट्यानं उलटला, दुसऱ्या डिशमध्ये, पुन्हा तिसऱ्या डिशमध्ये. घासणं नाही, पुसणं नाही. डागावर फक्त सुती तुकडा भिजवून हलकेच गुंडाळत नेला, तोही एकदाच. तुकड्यावर पोपटी रंग उतरला. पहिली डिश सुकली तेव्हा तळाशी तेलकट कडं उरलं होतं, बोटाला लागलं तर चिकट. सहा वर्षांची फाइल ती!

रुपया हवेवर सुकला. धुरकट पट्टा पूर्ण गेला, चमक फिरायला लागली. पण मानेखाली, जिथे हिरवं होतं, तिथे भिंगातून पाहिलं तर तिळाएवढी जागा मंद, खडबडीत. आम्लानं खाल्लेली. काका बराच वेळ भिंग लावून बघत होते. मग म्हणाले, ‘थोडा उशीर झाला. पण आता इथून पुढे नाही.’ तिकडे पाठवला असता तर ही जागा त्यांनाही दिसलीच असती, आणि ग्रेड खाली गेली असती की डिटेल्सवर गेली असती, हा वाद आम्ही परतीच्या चहापर्यंत घातला. काकांचं म्हणणं ६१, माझं म्हणणं डिटेल्स.

खर्च: ॲसिटोन दोनशेच्या आत, तोही अर्धा उरलाय. पेट्रोल वेगळं. परतताना इतवारीत संत्राबर्फी घेतली, तीही धरली पाहिजे.

लेबल पाकिटात ठेवलंय. काका म्हणतात ग्रेडिंग कंपनीला कळवायचं, म्हणजे आता अस्तित्वात नसलेलं बासष्ट त्यांच्या यादीत उगाच मोजलं जाणार नाही. कळवीन. नाणेवेडी ताई, तुम्ही रागावू नका, तुमचं ‘लावू नका, फोडू नका’ यातलं काहीच पाळलं नाही, पण घासलं मात्र नाही.

पैसा तसाच स्लॅबमध्ये आहे, तपकिरी होईल तेव्हा होईल. कपाट आता आतल्या खोलीत, सिलिका जेलच्या पुड्यांसकट. उरलेल्या दोन फायली रिकाम्या करायच्या आहेत, साधारण एकशे चाळीस नाणी. मायलारचे कडक फ्लिप (पीव्हीसी नसलेल्या प्लास्टिकची नाण्यांची पाकिटं) नागपुरात कुठे मिळतात कोणाला माहीत आहे का? बर्डीवर चार दुकानं फिरलो, सगळीकडे तोच रेनकोटाचा वास.